महाडीबीटी: डिप्लोमावाले, गॅपवाले आणि वायडीवाले यांच्यासाठी कितपत कामाचं?

दहावी, बारावी, सीईटी, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असा ज्यांचा प्रवास सरळ झाला, त्यांना महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फीची सवलत कशी मिळते यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते बाकीच्यांसाठी. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेले, मध्ये एखादं वर्ष घरी राहिलेले, वायडी म्हणजे इयर डाऊन, नापास होऊन वर्ष मागे पडलेले, कॅप (राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) संपल्यावर संस्था स्तरावर, म्हणजे थेट कॉलेजकडून जागा घेतलेले, दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारे. अशा मुलांना ही सेवा कितपत उपयोगी पडते, याचा हा अभिप्राय आहे.

मी विट्यात राहतो, एका दूध संस्थेत हिशेबाचं काम करतो. कागदांची सवय असल्यामुळे नात्यातल्या आणि गल्लीतल्या पोरांचे फॉर्म माझ्याकडे येतात. मीही आवडीने भरतो, कारण एका मुलाची वर्षाची फी म्हणजे आमच्याकडच्या घरांत काय असतं ते मला माहीत आहे.

बहिणीचं उदाहरण घेतो. तिची तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. इंजिनिअरिंगच्या फीची मागणी येते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि नेमकी तेव्हाच ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू होते. मजुरी, पेस्ट, औषधं, खतं, सगळा पैसा बाहेर जाण्याचे दिवस. द्राक्षाचा पैसा हातात यायचा तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोही पावसाने आणि दलालाने साथ दिली तर. अशा घरात लाखभराची फी एकरकमी भरायची म्हणजे सोसायटीचं कर्ज नाहीतर सोनं गहाण. म्हणून फी सवलत मिळणार की नाही, आणि प्रवेशाच्या दिवशी खिशातून किती द्यावे लागणार, या दोन प्रश्नांवर मुलीचं शिक्षण ठरतं.

भाचीने सरकारी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, २०२३ मध्ये पास झाली. त्याच उन्हाळ्यात दाजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ते वर्षभर वाकू शकत नव्हते. धाकटा भाऊ नववीत. मग वर्षभर बाग या पोरीने बघितली. फवारणीचं वेळापत्रक, मजुरांचे पगार, व्यापाऱ्याशी बोलणं, सगळं. २०२४ मध्ये तिने थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशासाठी अर्ज केला आणि कॅपच्या फेरीत तिला पुण्यात जागा मिळाली. म्हणजे एकाच अर्जात दोन आडवळणं: थेट दुसरं वर्ष आणि एक वर्षाचा गॅप. तंत्रनिकेतनातल्या मैत्रिणींनी तिला आधीच घाबरवून ठेवलं होतं, की गॅप पडला म्हणजे स्कॉलरशिप गेली.

तसं काही नसतं. डिप्लोमा आणि डिग्री यांच्यामध्ये पडलेलं वर्ष हे दोन अभ्यासक्रमांमधलं अंतर आहे. त्यासाठी गॅपचं शपथपत्र लागतं, म्हणजे त्या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता आणि अमुक कारणाने घरी होते, असं लिहून दिलेलं. नियम जिथे कडक होतो ते अंतर वेगळं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, जिला सगळे ईबीसी म्हणतात, चालू अभ्यासक्रमाच्या मध्येच दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला तर लाभ बंद होतो. ही दोन अंतरं लोक एकच समजतात आणि चांगली चांगली मुलं अर्जच भरत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने आजारपणातल्या एका वर्षामुळे डिग्रीची दोन वर्षं पूर्ण फी भरली. त्याला कुणी नाकारलं नव्हतं, त्याने विचारलंच नव्हतं.

भाचीचा प्रवर्ग ओबीसी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. आधी पन्नास टक्के होतं. २०२४-२५ पासून लागू झालं, आणि नव्याने प्रवेश घेणाऱ्यांबरोबर नूतनीकरण करणाऱ्या मुलींनाही. मी आजवर बऱ्याच सरकारी योजनांचे कागद वाचलेत. एका घराचं गणित इतकं थेट बदलणारा निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही. दाजींनी मला दोनदा विचारलं, "सगळीच फी? अर्धी नव्हं?" आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सगळीच मात्र नाही, हे आधीच सांगायला हवं. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यात शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं असतं. विकास शुल्क, अनामत, विद्यापीठाची किरकोळ शुल्कं, वसतिगृह, मेस हे आपल्यालाच भरायचं असतं. भाचीच्या फीच्या तक्त्यात शिक्षण शुल्क एक लाखाच्या थोडं वर होतं आणि विकास शुल्क बारा हजारांच्या आसपास. त्यामुळे प्रवेशाला जाताना महाविद्यालयाचा फीचा तक्ता आधी काढा आणि त्यातला कोणता आकडा आपला, कोणता शासनाचा, ते पेनने खुणा करून ठेवा. काउंटरवर गर्दीत कुणी समजावत बसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो. ही सवलत पोर्टलवर ठरत नाही. ती प्रवेश कुठल्या दाराने घेतला त्यावर ठरते. पोर्टल नंतर येतं आणि आधीच झालेली गोष्ट तपासतं. ईबीसी असो की मुलींची शंभर टक्के माफी, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी सेलच्या कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळलेले आहेत. मुलींच्या योजनेत खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळलेली आहेत, तिथे कितीही गुण घेऊन गेलात तरी.

थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना हे जास्त भोवतं. डिप्लोमाचा शेवटचा निकाल, मग कॅपची नोंदणी, कागद पडताळणी, ऑप्शन फॉर्म, फेऱ्या. तोवर कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालेलं असतं. मुलाच्या मनात धाकधूक, बापाला वाटतं जागा जाईल. अशा वेळी कॉलेजकडून फोन येतो, की आमच्याकडे जागा शिल्लक आहे, आज प्रवेश घ्या, स्कॉलरशिपचं नंतर बघू. बहिणीच्या गावातल्या एका मुलाने असाच प्रवेश घेतला. ब्रँच हवी ती मिळाली, कॉलेजही वाईट नाही. पण पोर्टलवर अर्ज भरायला बसलो तेव्हा कॅपमधून प्रवेश झालाय का आणि अर्ज क्रमांक काय, हा प्रश्न आला आणि तिथेच सगळं थांबलं. घरी जिरायत जमीन, उत्पन्नाचा दाखला ईबीसीच्या मर्यादेच्या खूप खाली. तरी पूर्ण फी. ज्या काउंटरवरून 'मिळून जाईल' असं सांगितलं गेलं होतं, तिथला माणूस नंतर नियमाचा कागद दाखवायला लागला. तोच कागद प्रवेशाच्या दिवशी दाखवला असता तर त्या पोराने पुढच्या फेरीची वाट बघितली असती.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की पैसे भरण्याआधी हातात सीईटी सेलचं ॲलॉटमेंट लेटर आहे का बघा. ते नसेल तर समोरच्याला स्पष्ट विचारा, 'हा प्रवेश कॅपचा का संस्था स्तराचा?' उत्तर लेखी मागा. लेखी द्यायला तयार नसतील तर उत्तर काय आहे ते कळलंच.

टीएफडब्ल्यूएसचं, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीमचं, थोडं वेगळं आहे. मंजूर जागांच्या पाच टक्के जास्तीच्या जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात, उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच. ती जागा मिळाली तर शिक्षण शुल्काचा प्रश्न प्रवेशालाच मिटतो आणि त्या शुल्कासाठी महाडीबीटीची वाट बघावी लागत नाही. पण त्या जागेवर बसल्यावर पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. मुलगा ब्रँचबद्दल डळमळीत असेल तर हे त्याला आधी सांगा.

पोर्टलविषयी. नोंदणी आधारवर, ओटीपीने. एका विद्यार्थ्याचं एकच प्रोफाइल, शाळा सुटून कॉलेज बदललं तरी तेच. भाचीने डिप्लोमाला असताना वापरलेलं प्रोफाइलच आम्ही डिग्रीला वापरलं. नवीन अभ्यासक्रम म्हणून अर्ज नवीन होतो, नूतनीकरण होत नाही, पण प्रोफाइल जुनंच. नवीन प्रोफाइल काढायच्या फंदात पडू नका.

डिप्लोमावाल्यांची खरी परीक्षा दोन पानांवर असते. मागील शिक्षणाच्या पानावर दहावीनंतर डिप्लोमा टाकायचा, त्याचं प्रवेश वर्ष, उत्तीर्ण वर्ष, टक्केवारी. तिथेच गॅप विचारतात. डिप्लोमा २०२३ आणि प्रवेश २०२४, म्हणून गॅप एक वर्ष. आकडा तिथे टाकायचा आणि शपथपत्र जोडायचं. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर प्रवेश वर्ष २०२४-२५ आणि शिकत असलेलं वर्ष दुसरं. इथे मुलं गोंधळतात, त्यांना वाटतं डिग्रीला पहिल्यांदाच आलोय तर पहिलं वर्ष टाकायचं. तसं टाकलं की कागद आणि अर्ज जुळत नाहीत आणि महाविद्यालयाच्या पातळीवर अर्ज परत येतो. कागदपत्रं २५६ केबीच्या आत बसवावी लागतात. मोबाइलवर काढलेल्या फोटोवर तहसीलदारांचा शिक्का वाचता येत नसेल तर तोही परत. स्कॅन करून घ्या, दहा रुपयांत होतं.

भाचीचा पहिला अर्ज आम्ही भरला नव्हता. ती पुण्यात होती आणि होस्टेलजवळच्या एका सायबर कॅफेतून तिने भरून घेतला. कॅफेतल्या पोराने घाईत प्रवेशाच्या रकान्यात नॉन-कॅप निवडलं आणि मोबाइल नंबर चक्क स्वतःचा टाकला. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे, अर्ज परत आल्याचा संदेश त्याच्याकडे, आणि मुलीला काहीच पत्ता नाही. तिच्या महाविद्यालयाच्या स्कॉलरशिप विभागात एक मॅडम आहेत. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ॲलॉटमेंट लेटर समोर ठेवून अर्जातला रकाना दाखवला, अर्ज परत पाठवला आणि तिला सांगितलं, "बाळा, हा नंबर आधी बदल, मग बाकीचं." मी दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बसून तिच्याकडून नंबर बदलून घेतला, रकाना दुरुस्त केला, गॅपचं शपथपत्र पुन्हा नीट स्कॅन करून जोडलं. त्या मॅडमचं नाव मी इथे लिहीत नाही, पण प्रत्येक महाविद्यालयात असा एक माणूस असला तर निम्मी मुलं वाचतील. पोर्टल कितीही सुधारा, पहिल्या टेबलावर अर्ज वाचणारा माणूस मन लावून वाचतो का, यावर सगळं आहे.

त्या पहिल्या टेबलानंतर अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला जातो आणि मग विभागाकडे. पोर्टलवर प्रत्येक टप्पा दिसतो, हे मला मनापासून आवडतं. आमच्या काळी शिष्यवृत्तीचा फॉर्म कार्यालयात दिला की तो विहिरीत टाकलेल्या दगडासारखा, वर काही दिसायचं नाही. आता अर्ज कुणाकडे अडलाय ते घरबसल्या बघता येतं आणि त्याच माणसाला जाऊन विचारता येतं. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून बघा. संदेश येईल म्हणून थांबू नका.

पैसे जमा होतानाची एक अडचण सगळ्यांना सारखी आहे, पण डिप्लोमावाल्यांना जास्त येते. अर्जात आपण बँक खात्याचा नंबर लिहिला म्हणून पैसे तिथे जातीलच असं नाही. पैसे जातात ते आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात. दहावीनंतर एका बँकेत खातं, मग तंत्रनिकेतनाजवळ दुसरं, मग गावात पोस्टमन दारात येऊन उघडून गेलेलं पोस्टाचं तिसरं. मुलाला आठवतही नाही कुठलं शेवटचं जोडलं. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे ते अर्जाच्या आधी विचारून घ्या. फीची रक्कम काही योजनांत महाविद्यालयाच्या खात्यात जाते, काहींत विद्यार्थ्याच्या. आपली योजना कुठली, हे स्कॉलरशिप विभागाला विचारायचं.

हे विद्यार्थ्याच्या खात्याचं प्रकरण आमच्या शेजारच्या घरात फार जवळून पाहिलं. तो मुलगा अनुसूचित जातीचा, भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीवर शिकतो. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि त्याची आई यंत्रमागावर कांड्या भरते, त्यामुळे मर्यादेचा प्रश्नच नव्हता. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. २०२१-२२ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि विद्यार्थ्याने तो मुदतीत महाविद्यालयात भरायचा असतो. दोन वाटे दोन वेगळ्या वेळी येतात. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात दहा गरजा उभ्या राहतात, आणि त्या खोट्या नसतात. त्या माउलीला मी आणि मुलाने बसून समजावलं, की ही रक्कम कॉलेजची आहे, आपली आहे ती निर्वाह भत्त्याची. तिने त्याच दिवशी मुलाला पाठवून भरायला लावली आणि पावती देवघरात ठेवली.

हाच मुलगा दुसऱ्या वर्षात वायडी झाला. डेंग्यूने महिनाभर अंथरुणात होता, गणित आणि अजून तीन विषय राहिले. घरी सगळ्यांना वाटलं शिष्यवृत्ती संपली. या शिष्यवृत्तीचा नियम इथे माणुसकीचा आहे. पहिल्यांदा नापास झालेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षी परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झाला तर त्या वर्षी काही मिळत नाही, आणि पुढच्या वर्गात गेला की लाभ पुन्हा सुरू होतो. म्हणजे दार बंद होत नाही. हे त्या पोराला कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं मी उतरताना पाहिलं. तो यंदा तिसऱ्या वर्षात आहे. एटीकेटी घेऊन, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षाला गेलेल्यांचा तर प्रश्नच नाही. त्यांनी पुढच्या वर्षाचं नूतनीकरण वेळेत करायचं, एखादा विषय राहिला म्हणून घाबरायचं नाही.

आता नाराजी. ही एका कार्यालयावर नाही, नियमांवर आहे.

अर्धवेळ आणि दूरशिक्षण घेणाऱ्यांना ईबीसीसारख्या योजनांत जागा नाही. एमआयडीसीत दिवसपाळी करून संध्याकाळी शिकणारा मुलगा घरच्या परिस्थितीमुळेच तसा शिकतो. त्याच्याकडे वेळ असता तर तोही पूर्णवेळ शिकला असता. ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्यालाच पूर्ण फी, हे मला पटत नाही. पूर्ण माफी देऊ नका, जितके विषय तो त्या वर्षी घेतो तितक्या प्रमाणात द्या.

दुसरं म्हणजे ईबीसीतली एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांची अट. एकत्र कुटुंबात थोरली दोन शिकून गेली की तिसरीला काही नाही, आणि तिसरी बहुतेकदा मुलगीच असते. आमच्याकडे अजून मुलगा होईपर्यंत थांबणारी घरं आहेत, हे नाकारून काय उपयोग? तिसऱ्या मुलीने आईबापाच्या निर्णयाचा दंड का भरायचा?

आणि संस्था स्तरावर प्रवेश घेतलेल्या मुलांचं उत्पन्न कुणी बघतच नाही. व्यवस्थापन कोट्यात पैसे मोजून आलेला आणि कॅपनंतर शिल्लक जागेवर गुणांवर आलेला, दोघांना एकाच पंक्तीत बसवलंय. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर शिल्लक राहिलेल्या जागांवर जो गरीब मुलगा गुणवत्तेने बसला, त्याला निदान अर्धी फी द्यायला काय हरकत आहे? थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशांत तर अशा जागा दरवर्षी राहतात.

राहण्या-जेवणाचं थोडक्यात. ओबीसी, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत. जिल्ह्याला जागा ठरलेल्या आणि निवड गुणवत्तेवर, त्यामुळे मिळेल हे गृहीत धरू नका, पण अर्ज करा. अनुसूचित जातींसाठी याच धर्तीवर आधीपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ईबीसीवाल्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज फीच्या अर्जाबरोबरच भरावा. बरीच मुलं फीचा भरतात आणि हा विसरतात.

गुण द्यायचेच तर सरळ वाटेने आलेल्या विद्यार्थ्यासाठी पाचपैकी चार. डिप्लोमावाले आणि गॅपवाले, कॅपमधून आलेले असतील तर साडेतीन. अर्धा गुण माहिती नीट न मिळण्याचा कापलाय, कारण नियम त्यांच्या बाजूने आहेत आणि ते त्यांना कुणी सांगत नाही. वायडी झालेल्या पोस्ट मॅट्रिकवाल्यांना साडेतीनच. अर्धवेळ शिकणाऱ्यांना आणि कॅपबाहेरच्यांना द्यायला माझ्याकडे गुण नाहीत, कारण त्यांच्यासाठी इथे सेवाच नाही. त्यांनी तालुक्यातल्या सहकारी संस्थांच्या, आपल्या समाजाच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या शोधाव्यात आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी प्रवेशाआधी करावी.

भाचीचं पहिलं वर्ष, म्हणजे डिग्रीचं दुसरं, पूर्ण झालं. प्रवेशाच्या दिवशी विकास शुल्क आणि किरकोळ रक्कम भरली, बाकीसाठी महाविद्यालयाने हमीपत्र घेतलं. शिक्षण शुल्कासाठी घरातून एक रुपया गेला नाही. दाजींनी त्या वर्षी बागेला ठिबक नवीन टाकलं, जे तीन वर्षं रखडलं होतं. पोरगी सुट्टीत आली की अजूनही सकाळी फवारणीच्या आधी बागेत जाऊन घडांवरचा भुरी रोग बघून येते आणि मला फोन करून सांगते, मामा, या वेळी पानं स्वच्छ आहेत.

तिचं तिसऱ्या वर्षाचं नूतनीकरण आता भरून झालंय. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला आहे. नूतनीकरणात गॅप पुन्हा विचारत नाहीत, मागच्या वर्षाचा निकाल आणि फीची पावती तेवढी लागते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा ज्यांचं प्रमाणपत्र यंदा संपतंय त्यांनी एप्रिलमध्येच तहसीलला अर्ज टाकून ठेवावा. जुलैत सेतूवर रांग लागते आणि तलाठी वारीच्या बंदोबस्तात असतात.